ग्वाल्हेरचा सोलर बॅकअप: पॅनेल बसलं, आता कूलरचं बघायचंय

मंडळी, गाडी रुळावर आली आहे. पॅनेल गच्चीवर, बॅटरी जिन्याखाली, आणि लाइट गेली तरी पंख्याला त्याचा पत्ता लागत नाही. ज्यांना नुसतं सामान काय ते हवंय त्यांच्यासाठी आधी तेवढं: ५४० वॅटचं एक मोनो हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलचं) पॅनेल, ३० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा डबा), २५.६ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, आणि २४ व्होल्टचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा घरच्या लाइनसारखा एसी करणारा). बाकी वायरी, ब्रेकर, स्टँड. हे वाचून कोणी म्हणेल की पॅनेल एकच आणि बॅटरी केवढी! ते मुद्दाम आहे.

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात लाइट जाण्याचे दिवस ठरलेले. मे-जूनमध्ये, पारा ४५ च्या आसपास असताना, सगळ्या शहराचे कूलर आणि एसी एकदम चालू असतात; नाहीतर संध्याकाळी आंधी (धुळीचं वादळ) येते आणि कुठेतरी फांदी तारेवर पडते. म्हणजे बॅकअप लागतो तो रात्री, उकाड्यात, सलग काही तास. बिल कमी करायला सोलर लावणाऱ्याचं गणित पॅनेलपासून सुरू होतं. आपलं मे महिन्यातल्या एका रात्रीपासून सुरू व्हायला हवं. रात्री काय चालवायचं, किती तास चालवायचं, त्यातून बॅटरी ठरते, आणि ती बॅटरी दिवसभरात भरेल एवढं पॅनेल पुरे. पैसेही त्याच प्रमाणात जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे पॅनेल आता या सगळ्यातला स्वस्त भाग झाला आहे.

रात्रीचा हिशोब असा. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, प्रत्येकी तीस वॅट (जुना पंखा एकटाच सत्तर-पंचाहत्तर खातो, तो आधी बदला, मग बॅटरीचं बोला). दोन एलईडी दिवे, अठरा वॅट. राउटर आणि फायबरचा डबा मिळून पंधरा. इन्व्हर्टर रिकामा चालू राहिला तरी पंधरा-वीस. आणि कूलर, पंपासकट दीडशे. एकूण अडीचशेच्या वर. बॅटरीत कागदावर २५६० वॅट-अवर. त्यातले नव्वद टक्के वापरायचे आणि इन्व्हर्टरमधली घट वजा करायची, की हातात दोन हजार उरतात. म्हणजे आठेक तास. कूलर काढला तर तीच बॅटरी रात्र ओलांडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचते. घरातलं खरं भांडण कूलरवरून आहे हे लक्षात आलं असेलच. फ्रिज मी यात घेतलाच नाही. दार न उघडता ठेवला तर तो चार तास गार राहतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका मागतो त्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो.

आता शेजारच्या काकांची गोष्ट, कारण हा प्रश्न मला गल्लीतले निम्मे लोक विचारतात. काकांनी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटचं ऑन-ग्रिड सोलर (वीज कंपनीच्या लाइनला, म्हणजे ग्रिडला, जोडलेलं, बॅटरीशिवायचं) बसवलंय, ७८ हजारांची सबसिडीही मिळाली. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी लाइट गेली आणि काका गच्चीवरून ओरडले, "अरे, एवढं ऊन, एवढी पॅनेलं, आणि पंखा बंद? फसवलं का रे मला?" फसवलेलं नाही. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिडच्या तालावर चालतो. ग्रिड गेली की त्याने बंद पडायचंच असतं. नाहीतर खांबावर चढलेला लाइनमन बंद समजून जी तार धरेल, तिच्यात काकांच्या छपरावरचा करंट खेळत असेल. बॅकअप हवा तर बॅटरी आणि ग्रिडपासून वेगळं होणारा इन्व्हर्टर, दोन्ही लागतात. काकांचं बिल घसरलंय, माझं जवळपास आहे तेवढंच आहे. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी बरोबर.

स्टँडने मात्र घाम काढला. आमचं घर जुनं, छत दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरश्यांचं. पटियाला ड्रिल लावलं की एक तर ती तडकते, नाहीतर पहिल्याच पावसात गळते. म्हणून एकही भोक न पाडता वजनावर उभा राहणारा स्टँड केला. पॅनेलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या वर, आणि ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ढोबळमानाने सव्वाशे किलोचा रेटा. पायांवर काँक्रीटचे चाळीस-चाळीस किलोचे चार ठोकळे ठेवले, शिवाय स्टँड तारेच्या दोराने कठड्याच्या लोखंडी कड्यांना बांधला. ठोकळे पटियाच्या मधोमध नाहीत, खालच्या भिंतीच्या रेषेवर आहेत. जुन्या घरात हे आधी खाली जाऊन मोजा, वर खडूने रेष मारा, मगच वजन चढवा. बाबा दोन दिवस वर येऊन ठोकळे हलवून बघत होते. आता येत नाहीत, म्हणजे पास.

जागा ठरवताना टाकीची सावली बघितली. ग्वाल्हेर २६ अंश अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारीही चाळीस अंशांवरच असतो. दीड मीटर उंच टाकीची सावली तेव्हा पावणेदोन मीटर पडते, आणि सकाळी नऊच्या सुमाराला सव्वातीनच्या पुढे जाते. जूनमध्ये हीच टाकी निरुपद्रवी असते, सूर्य जवळजवळ डोक्यावर. म्हणून जागा उन्हाळ्यात पाहून ठरवू नका. हाफ-कट पॅनेल उभं लावलं तर खालच्या अर्ध्यावर सावली आली तरी वरचा अर्धा चालू राहतो, तेवढा आधार आहे. स्टँडला दोन भोकं ठेवली आहेत: एक पंधरा अंशांचं, एक चाळीसचं. होळीनंतर पहिलं, दिवाळीनंतर दुसरं. दोन नट आणि एक मदतनीस, बास.

माकडांबद्दल सगळे विचारतात. हो, बसतात. काचेला काही होत नाही; बहुतेक पॅनेलं समोरून ५४०० पास्कलच्या दाबाला तपासलेली असतात, तिथे माकड कुठे लागतं. धोका वायरीला आहे. लोंबणारी वायर दिसली की ओढलीच. सगळी वायर पाइपातून, एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे प्लग) पॅनेलच्या पाठीला चिकटून बांधलेले, हाताला लागेल असं काही नाही.

आता कंट्रोलर, कारण दुकानात सर्वात जास्त चुकीचा सल्ला इथेच मिळतो. दुकानदार एमपीपीटीऐवजी साधा, पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर दाखवून म्हणाला, "पीडब्ल्यूएम ले जाओ भैया, काम तो वही करेगा." करत नाही. या पॅनेलची कामाची जागा, म्हणजे जिथे ते सर्वात जास्त वॅट देतं, ४१ व्होल्ट १३ अँपिअर. पीडब्ल्यूएम पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, म्हणजे २७ गुणिले १३, साडेतीनशे वॅट. बाकीचे गेले. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तर पावणेदोनशेच उरले असते. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं अँपिअरमध्ये रूपांतर करतो. दुसरी गोष्ट, कंट्रोलरची इनपुट मर्यादा. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनेलला काहीच जोडलेलं नसतानाचं) ४९.५ लिहिलंय, म्हणून ५० व्होल्टवाला कंट्रोलर चालेल असं वाटतं. पण तो आकडा २५ अंश सेल्सिअसचा. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला पाव टक्क्याहून थोडं जास्त. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा तीनवर येतो, तेव्हा ४९.५ चे ५२ च्या वर जातात आणि ५० वाला कंट्रोलर पहिल्या किरणालाच खलास. मी १०० व्होल्टचा घेतला.

उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात दुपारी पॅनेलच्या पाठीला हात लावून बघा, लाववत नाही. हवा ४५ असेल तर सेल सत्तरच्या वर जातात, आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वॅट कमी होतात. ५४० च्या पॅनेलने साडेचारशे दाखवले की मी खूष. मिटरवर सर्वात मोठा आकडा मला मेमध्ये नाही, मार्चमध्ये दिसला: स्वच्छ आकाश, गार वारा, आदल्या रात्री धुऊन निघालेलं पॅनेल. मग मेमध्ये आंधीची धूळ. सकाळी सूर्य वर यायच्या आत धुतो, तापलेल्या काचेवर गार पाणी नको म्हणून. नळाला येणारं तिघरा धरणाचं पाणी वापरतो. बोरिंगच्या पाण्याने पांढरे डाग धरतात आणि ते नंतर निघत नाहीत.

बॅटरी जिन्याखाली ठेवण्याचं कारण दगडी भिंती. बाहेर ४५ असताना तिथे तेहतीस-चौतीस असतं, आणि बॅटरी कुठलीही असो, उष्णतेने तिचं आयुष्य कमी होतं. लेड-ॲसिड घेणाऱ्यांनी तर हे आधी पाहावं, शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून हवा खेळती हवी. लिथियमची एक खोड सवयीची व्हावी लागते: व्होल्टेजवरून काही कळत नाही. बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असो की चाळीस, आकडा २६.५ च्या आजूबाजूलाच रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो. शंट लावलेला मिटर घ्या, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजतो. त्याशिवाय अंदाज बांधणं व्यर्थ.

वायरिंगचं थोडक्यात. पॅनेलपासून खाली चार चौरस मिलिमीटरची सोलर वायर. डीसीच्या बाजूला डीसीचाच ब्रेकर. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते, आणि साधा एमसीबी वितळतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज. पॅनेलच्या फ्रेमला वेगळं अर्थिंग. आणि जुन्या घरांसाठी खास: इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल पूर्ण वेगळा काढा. आमच्याकडे तीन खोल्यांचा न्यूट्रल एकच होता. तसाच ठेवला असता तर आरसीसीबी (करंट गळतोय असं वाटलं की लाइन तोडणारा स्विच) वारंवार पडत राहिला असता. इलेक्ट्रिशियन नाक मुरडत होता, पण बसून काढला.

या उन्हाळ्यात हाती लागलेली सर्वात कामाची गोष्ट इन्व्हर्टरच्या मागच्या एका बटणात होती. रात्री लाइट असूनही शंटवर अँपिअर बाहेर जाताना दिसायचे. मल्टिमीटर सॉकेटला लावला तर १७२ व्होल्ट. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर होता, आणि त्या मोडमध्ये १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की तो ग्रिड सोडून बॅटरीवर जातो. म्हणजे खरी लाइट जायच्या आधीच बॅटरी अर्धी व्हायची. रुंद मर्यादेच्या मोडवर टाकल्यापासून तो शंभरेक व्होल्टपर्यंत ग्रिडला धरून राहतो. बदल्यात लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. पंख्याला त्याचं काही नाही, आणि राउटर मी इन्व्हर्टरवर ठेवलेलाच नाही. तो २४ चे १२ करणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरवरून थेट बॅटरीवर चालतो, त्यामुळे एकदाही रीस्टार्ट होत नाही.

आईची तक्रार वेगळीच. "लाइट आहे का गेली ते तरी कळू दे, मी मिक्सर लावते आणि तो चालत नाही." बरोबर आहे तिचं. मिक्सर, इस्त्री, गीझर बॅकअपवर नाहीत. स्वयंपाकघरात थेट ग्रिडच्या लाइनवर एक लाल इंडिकेटर लावला. लाल दिसला तर मिक्सर, नाही तर पाटा.

धुक्याचा काळ सोपा जाईल असं समजू नका. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत काही दिवस सूर्य बारापर्यंत दिसत नाही. मेमध्ये जे पॅनेल सव्वादोन युनिट सहज देतं, ते अशा दिवशी अर्ध्या युनिटवर अडकतं. पण तेव्हा कूलर नाही, पंखा नाही, दिवे आणि राउटरच. त्या दिवसांपुरतं इन्व्हर्टरचं ग्रिड चार्जिंग चालू करतो, बाकी वर्षभर बंद. धुक्यासाठी दुसरं पॅनेल घ्या असा सल्ला मला मिळाला होता. मला तो पटला नाही. दोन पॅनेलं सिरीजमध्ये जोडली तर व्होल्टेजची बेरीज होते आणि गारठ्यात कंट्रोलरची १०० व्होल्टची मर्यादा ओलांडतात हे वेगळंच.

पुढचं काम कूलर. त्याची जुनी मोटर काढून बीएलडीसी बसवली तर दीडशे वॅटचा कूलर निम्म्यावर येईल असा अंदाज आहे, म्हणजे आठ तासांचे अकरा-बारा होतील. पंख्याची पाती तीच ठेवायची की मोटरबरोबर बदलायची, इथे अडलोय, कारण पाती जड असतील तर नवी मोटर तापेल. पुढच्या उन्हाळ्याच्या आत हे करायचंय. कोणी जुन्या लोखंडी कूलरवर हे केलं असेल तर मोटरचे वॅट आणि पात्यांचा व्यास दोन्ही कळवा.