बेस डायरी, महिना चौदावा: डग्गा गप्प झाल्यावर

चार महिने नोंद नाही. मे महिन्यात घरात लग्न होतं, जूनमध्ये माझ्या बेस गिटारने मान टाकली (खरोखरच मान, सांगते पुढे), आणि जुलैपासून सोसायटीच्या गणपतीच्या तालमी. तालमी सुरू झाल्या की लिहायला वेळ मिळत नाही, आणि लिहिण्यासारखं मात्र तेव्हाच घडतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. वय ४३, डोंबिवली, बँकेत नोकरी, शाळेत असताना पेटीच्या तीन परीक्षा. बहिणीचे मिस्टर दुबईला गेले तेव्हा "भावजी, हा आमच्याकडे राहू दे" म्हणून बेस ठेवून घेतला. जॅझ बेस नावाच्या मॉडेलच्या धर्तीचा, चार तारा, तारांची थरथर पकडणारे दोन पिकअप. वर्षभर तो कपाटावर होता, मग लेकीने विचारलं, "आई, हे नुसतं शोभेला आहे का?" तिथून सुरुवात. सर वसईचे, साठी उलटलेली, ऑर्केस्ट्रात पंचवीस वर्षं काढलेली. पंचमदांकडे बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात.

सरांना तारा ई, ए, डी, जी. माझ्या डोक्यात त्या अजून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सुरुवातीला लाज वाटायची, आता वाटत नाही. पेटी शिकलेल्या कुणाला बेस धरायचा असेल तर खुशाल असंच पाठ करा, भाषांतर आपोआप सुटत जातं.

आधी डाव्या हाताची बोटं कशी ठेवायची याबद्दल, कारण त्यावर वाचकांकडून तीनदा विचारणा झाली आहे. बेसची तार ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट; पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर १३० मिलिमीटरच्या आसपास. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर हेच अंतर ९७ भरतं. मी सहा महिने "एका फ्रेटला एक बोट" हा नियम पाळायचा हट्ट केला आणि मनगट सुजवून घेतलं. आता सुरुवातीच्या फ्रेट्सवर डबल बेसवाल्यांची (तो उभा, मोठा बेस) पद्धत: पहिलं बोट, मधलं बोट, करंगळी. चार बोटांत तीनच फ्रेट, अनामिका नुसती करंगळीच्या पाठीशी उभी. पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या पुढे गेलं की चार बोटं चार फ्रेटला. तीन आठवड्यांत दुखणं थांबलं. माझे हात लहान आहेत, हे मान्य करायला मला जास्त वेळ लागला.

आता मान. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तारा एकदम वर आल्यासारख्या वाटू लागल्या. बाराव्या फ्रेटवर दाबायला जोर लागायचा. एका दुकानात दाखवला तर "नेकच बदला मॅडम" म्हणून मोकळे. सरांनी फोनवर वेगळंच सांगितलं. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फट किती आहे ते बघायची. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. माझ्याकडे तीन कार्डं गेली. चार तारांचा मिळून ओढा जवळजवळ पाऊणशे किलोचा असतो. त्याला मानेच्या आतली सळई, ट्रस रॉड, उलट जोर लावून धरते. पावसाळ्यात लाकूड हललं की हा हिशेब बिघडतो. अ‍ॅलन कीने (षटकोनी चावीने) सळई पाव फेरा घट्ट, मग रात्रभर ठेवायचा, सकाळी पुन्हा कार्ड. दोनदा पाव-पाव फेरा, काम झालं. चावी जाईना तर जोर करू नका आणि थेट माहितगाराकडे न्या. सळई तुटली तर मात्र त्या दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं.

तारांना गंजही चढला होता. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी इतकं वाजवलं आणि तारा बदलायचा त्याला तिटकारा होता, हा किस्सा मी दर वेळी पैसे वाचवायला पुढे करते. सरांनी ती पळवाटही बंद केली. त्याच्या तारा फ्लॅटवाऊंड, वरून सपाट. आपल्या राऊंडवाऊंड, वेढ्यांच्या खाचांत घाम आणि मळ बसतो. मग तारा काढून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, फडक्याने कोरड्या, परत चढवल्या. आवाज दोन आठवडे लखलखीत, मग पुन्हा होता तसा. पातेलं सासूबाईंनी ओळखलं. ते आता माझं.

तर तालमी. आम्ही पाच जण. गाणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका, रेल्वेतून निवृत्त. पेटीला त्यांच्या वहिनी, गिटारला आयटीतला एक मुलगा, तबल्याला अकरावीतला एक पोरगा, आणि मी. काका अभंग काळी एकमध्ये गातात. बेसवर हा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, आणि खालचा पंचम त्याच फ्रेटवर, शेजारच्या जाड तारेवर. हाताला सोपं. गंमत अशी की भूपासारख्या शुद्ध स्वरांच्या चालीत या पट्टीत एकही मोकळी तार कामाची नाही. चारही परक्या. बोट जरा अर्धवट उचललं की मोकळी ए तार मध्येच पांढरी सहा बोलते, आणि ती ऐकून वहिनी पेटीवरून चष्म्यावरून बघतात.

दुसऱ्या तालमीला तबल्यावरचा पोरगा म्हणाला, "काकू, तुम्ही खालीतसुद्धा वाजवता."

मी म्हटलं, "मग काय, वरच्या तारेवर जाऊ?"

तो हसला. "ती खाली नाही हो. तालातली खाली."

मग त्याने डग्ग्यावरचा हात उचलून दाखवला. भजनी ठेका, आठ मात्रांचं आवर्तन. पहिल्या अर्ध्यात धिं, म्हणजे डग्गा घुमतो. दुसऱ्या अर्ध्यात तिं, डग्गा गप्प, नुसता तबला. तो घुमारा निघून गेला की ऐकणाऱ्याला कळतं की आपण आवर्तनात कुठे आहोत, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की तो परत आल्याचा आनंद होतो. मी काय करत होते? समेवर सा धरला की आठही मात्रा तो तसाच चालू. त्याची खाली मी भरून टाकत होते. अकरावीतल्या पोराने सांगितलं म्हणून थोडं लागलं, पण पेटीच्या तीन परीक्षांत हातावर टाळी-खाली दाखवून गुण मिळवलेत मी. हात बाजूला करून दाखवायचा तेवढंच शिकले होते.

घरी आल्यावर सरांना फोन. ते म्हणाले, "मॅडम, सूर कधी सुरू करायचा ते तुम्हाला येतंय. आता बंद कधी करायचा ते शिका." पुढचे पाच आठवडे एवढंच केलं. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, एकच सा, चार ठोके वाजू द्यायचा आणि पाचव्या ठोक्यावर बंद. पाचव्याच्या नंतर नाही, पाचव्यावर. करून बघा, वाटतं तितकं सोपं नाही. बोट तारेवरून पूर्ण उचललं तर मोकळी तार वाजते, म्हणून दाब काढायचा पण स्पर्श ठेवायचा. एकाच बोटाने सोडलं तर कधी कधी बारीक शीळ येते, तिथे हार्मोनिक, म्हणजे तारेचा उपस्वर, बसलेला असतो, म्हणून दुसरं बोटही तारेवर टेकवायचं. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर पडून राहतो. बारीक तारा आपणहून थरथरतात, त्यांना डाव्या हाताची रिकामी बोटं झोपवतात. म्हणजे एक सूर बंद करायला दोन्ही हात लागतात. वाजवायला दोन बोटं पुरत होती.

रेकॉर्ड करून ऐकायचं ठरवलं तिथे आणखी एक फजिती. फोनवर वाजवलं तर बेस जवळजवळ नाहीच. नवरा म्हणाला, "तू नक्की वाजवतेस ना?" सर्वांत खालची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झ, माझा काळी एकचा सा ६९. फोनच्या एवढ्याशा स्पीकरच्या आवाक्याबाहेरचं आहे ते. आपल्याला जे ऐकू येतं ते वरचे उपस्वर, त्यावरून कान खालच्या सुराचा अंदाज बांधतो. हेडफोन लावूनच तपासा, नाहीतर मी केलं तसं विनाकारण जोराने वाजवत बसाल.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी कार्यक्रम. माझा १५ वॅटचा अ‍ॅम्प मांडवात म्हणजे पुरणाच्या पातेल्यात चमचा, म्हणून डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. वायर जोडली आणि घूंऽऽ. मी नेहमी पुढचाच पिकअप ठेवते, गोल आवाजासाठी. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप, एकटी असली की घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडते. योगायोग बघा: माझा खालचा पंचम ५२ हर्ट्झच्या जरा अलीकडे. वाजवला की गुणगुणीशी त्याची टक्कर, सेकंदाला दोनेक हेलकावे, जणू पंचमाला हुडहुडी भरली आहे. वहिनींनी पुन्हा चष्म्यावरून बघितलं. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले, जॅझ बेसमध्ये ते एकमेकांची गुणगुण मारतात, तेव्हा अर्धी गेली. उरलेली डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंगची जोडणी तोडणारं) बटण दाबल्यावर गेली. साउंडवाल्या दादांनी ते बटण दाखवलं आणि वर "पहिला प्रोग्राम का?" असंही विचारून घेतलं.

वाजवलं कसं? दोन अभंग नीट गेले. तिसऱ्यात खालीच्या चार मात्रा गप्प राहिले, तेव्हा डग्गा समेवर परत आला आणि माझा सा त्याच्या बरोबरीने पडला, पोटात जाणवला. पोराने मान वर करून बघितलं. चौथ्यात काकांनी लय वाढवली आणि माझे फ्रेट चुकले, त्याबद्दल न बोललेलं बरं.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. तिसऱ्या अभंगात मी ३२ आवर्तनं मोजली. जुलैच्या तालमीत याच अभंगात सूर वेळेवर न सोडल्याच्या अकरा जागा होत्या, आता चार. त्यातल्या तीन एकाच कडव्यात आहेत, काका त्यात फार सुरेख गायले आहेत आणि मी ऐकत बसले होते.