गिंपमध्ये रेखाचित्र रंगवताना

शाईने काढलेलं चित्र स्कॅन करून गिंप या चित्र-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये रंगवायचं असेल तर माझा निम्मा वेळ तयारीत जातो, आणि तो जाऊ द्यावा. तयारी नीट झाली की सावल्या आणि उजेड तासाभरात उरकतात.

स्कॅन ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत), ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके). ए-फोर कागदाचे साधारण ४९६० बाय ७०१६ पिक्सेल होतात. चित्र फक्त स्क्रीनवर दिसणार असेल तर ३०० पुरे. स्कॅनरचा निव्वळ काळा-पांढरा पर्याय मी टाळतो, कारण त्यात रेषेची कड पायऱ्यापायऱ्यांची होते. मग लेव्हल्समध्ये (गडद-उजळ छटा ताणायच्या खिडकीत, ० ते २५५ च्या पट्टीवर) काळं टोक ४० आणि पांढरं टोक २१५ च्या आसपास आणतो. आकडे कागदागणिक बदलतात. पेन्सिलीच्या खुणा गेल्या आणि बारीक रेषा अजून अखंड आहे, तिथे थांबायचं. चित्र आरजीबी (रंगीत) मोडमध्ये नेऊन ‘कलर टू अल्फा’ने पांढरा रंग काढला की लेयरवर (चित्राच्या थरावर) फक्त रेषा उरतात. तो लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये (ज्यात वरचा थर खालचा रंग गडद करतो) ठेवूनही काम चालतं, पण मग पुढे रेषांचा रंग बदलणं अवघड जातं.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळते ती रेषेलगतची पांढरट किनार. रेषेच्या कडेला काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटांचे पिक्सेल असतात. रेषेच्याच लेयरवर बकेट (बंद भागात रंग ओतणारं टूल) वापरली तर थ्रेशोल्डमध्ये (किती वेगळी छटा चालेल त्या मर्यादेत) बसतील तेवढेच पिक्सेल रंगतात आणि बाकीचे फिकटच राहतात. थ्रेशोल्ड वाढवला तर किनार जाते, पण पापण्या, नथ, बोटांच्या रेषाही रंगाखाली जातात. म्हणून रंग नेहमी रेषांखालच्या वेगळ्या लेयरवर, रेषेच्या पोटात थोडा शिरलेला हवा.

त्यासाठी रेषांच्या लेयरवर फझी सिलेक्टने (सारख्या रंगाचा सलग भाग निवडणाऱ्या टूलने) भाग निवडायचा, सिलेक्ट मेनूतल्या ‘ग्रो’ने निवड ३-४ पिक्सेल वाढवायची (३०० डीपीआयला २ पुरतात) आणि खालच्या लेयरवर रंग भरायचा. दुसरी सोय २०१९ च्या २.१०.१० आवृत्तीपासून बकेटमध्येच आहे, ‘लाइन आर्ट डिटेक्शन’. रेषांमधल्या फटी ती स्वतः बुजलेल्या धरते. किती मोठी फट बुजवायची ते ‘मॅक्सिमम गॅप लेंग्थ’ ठरवतं आणि रंग रेषेखाली किती सरकेल ते ‘मॅक्सिमम ग्रोइंग साइझ’. मोठ्या फाइलवर मात्र ती रेंगाळते, आणि केस किंवा निऱ्या असल्या की भलत्याच ठिकाणी बांध घालते. मी रेषांच्या लेयरची प्रत काढून तिच्यावरच्या फटी पेन्सिल टूलने हाताने जोडतो, ती रंगाच्या लेयरच्या लगेच वर ठेवतो आणि बकेटचा सोर्स ‘वरचा लेयर’ असा देतो. सोर्स ‘सगळे दिसणारे लेयर’ ठेवला तर आधी भरलेला गडद रंगही तिला रेषा वाटू शकतो. रंग भरून झाले की प्रत लपवायची.

हे सपाट रंग करताना ब्रश नको, पेन्सिल टूलच हवं. ब्रशची कड मऊ असते आणि पुढे रंगावरून निवड करताना कडेचे पिक्सेल सुटतात. कड टणक असली की ‘सिलेक्ट बाय कलर’ थ्रेशोल्ड शून्य आणि अँटिअलायझिंग बंद ठेवून एका क्लिकमध्ये अख्खी साडी उचलतं. दोन माणसांची त्वचा एकाच रंगाची असेल तर दुसऱ्याच्या रंगाच्या आकड्यांत एका अंकाचा फरक ठेवावा. डोळ्याला दिसत नाही, पण निवड वेगळी होते.

सावलीचा लेयर सपाट रंगांच्या वर, रेषांच्या खाली, मल्टिप्लाय मोडमध्ये. काळ्या-करड्याने सावली केली तर त्वचा मळकट दिसते. मी फिकट जांभळा घेतो: ह्यू २६०, सॅच्युरेशन २५, व्हॅल्यू ८०. उन्हाच्या चित्राला तो चपखल बसतो, दिव्याच्या उजेडात थोडा तांबूस करावा लागतो. शेवटी रेषांच्या लेयरचा अल्फा लॉक करून (म्हणजे रंग फक्त रेषांवरच चढतो) चेहऱ्यावरच्या रेषांवर गडद तपकिरी फिरवला की चेहरा लगेच मवाळ होतो. कपड्यांच्या रेषा मी काळ्याच ठेवतो.

चित्र दिवाळी अंकात छापायचं असेल तर भडक निळा आणि पोपटी यांवर विसंबू नये, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) ते फिके पडतात. काळ्या बारीक रेषाही रूपांतरात चारही शायांत विभागल्या जातात, आणि छपाईत प्लेट केसभर सरकली तरी रेषेला रंगीत कड दिसते. म्हणून छापखान्याला रंगांची फाइल आणि रेषांची फाइल वेगळ्या द्याव्यात आणि रेषा फक्त काळ्या शाईत घ्यायला सांगावं. अशा चित्रात चेहऱ्याच्या तपकिरी रेषा रंगांच्या फाइलमध्ये जातात.