आतून बघायची पृथ्वी

बोस्टनला भाचीकडे गेलो होतो, दुपारी ऊन कडक आणि तिची सुट्टी, तर ती म्हणाली चला तुम्हाला पृथ्वीच्या पोटात नेते. आई म्हणाली मी काही सीता नाही. तरी आली.

मेरी बेकर एडी लायब्ररीत हे मॅपेरियम नावाचं प्रकरण आहे. तीस फूट व्यासाचा काचेचा गोल, रंगवलेल्या 608 काचा ब्राँझच्या चौकटीत बसवलेल्या, मागून दिवे, आणि मधून आरपार काचेचा पूल. आपण त्या पुलावरून चालायचं आणि जग आपल्या भोवती. 1935 साली बांधलं, तेव्हापासून नकाशा तोच.

मला आधी खटकलं ते हे की आतून बघितलं तर नकाशा उलटा दिसायला हवा ना, पूर्व डाव्या हाताला. पण नाही, सरळच वाचता येतो, म्हणजे काढतानाच तसा फिरवून काढलाय. आणि मधोमध उभं राहिलं की सगळे देश डोळ्यापासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे कुणी उगाच फुगत नाही. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसायचं, इथे आफ्रिका कसली अवाढव्य, आणि युरोप बघायचा तर मान वर करावी लागते. बरं वाटलं, का ते विचारू नका.

शाळेत पृथ्वीचा गोल मुख्याध्यापकांच्या कपाटावर असायचा, धूळ खात. हात लावायचा नाही. इन्स्पेक्शनला तेवढा खाली यायचा, पुसला जायचा, टेबलावर बसायचा आणि साहेब गेले की परत वर. आमच्या वाट्याला प्लॅस्टिकचं स्टेन्सिल, भारताची कड पेन्सिलने फिरवायची, गुजरातपाशी हमखास टोक मोडायचं, मग समुद्राला निळा रंग कडेकडेने. श्रीलंका स्टेन्सिलमधून पडून हरवलेली असायची, ती हाताने. माझी ती श्रीलंका कायम आंब्यासारखी यायची.

तेव्हापासूनची एक खोड, जुने नकाशे टाकवत नाहीत. घरी एक ॲटलास आहे त्यात अजून सोव्हिएत युनियन सुखाने नांदतोय, मुलं हसतात, हसू देत. त्यामुळे या गोलात सयाम, फ्रेंच इंडोचायना वगैरे दिसल्यावर मी खूषच झालो. हिंदुस्थान अर्थातच इंग्रजांचा. ब्रह्मदेशही 1937 पर्यंत आपल्याच हिशोबात होता, टिळकांना मंडालेला पाठवलं ते काळं पाणी असलं तरी कागदोपत्री परदेश नव्हता. पाकिस्तान नाही, बांगलादेश नाही. सीमा बदलतील तशा काचा बदलायच्या असा विचार मुळात होता म्हणे, पण पुढे ठरलं की राहू दे, ही आता कलाकृती आहे. बरोबर केलं. नाहीतर बिचारे काचवाले अजून शिडीवरच असते.

पण खरी गंमत आवाजाची. काच आवाज शोषत नाही, त्यामुळे पुलाच्या या टोकाला कुजबुजलं की त्या टोकाला कानात सांगितल्यासारखं स्वच्छ. विजापूरच्या गोलघुमटात शाळेच्या ट्रिपला आम्ही सगळे एकमेकांची नावं ओरडत होतो तर कुणालाच काही कळेना, इथे ओरडायची गरजच नाही. बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या. भाची म्हणाली आजोबा, आजीला काहीतरी खास सांगा, हळूच. बाबा खाकरले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "बीपीची गोळी घेतलीस का?"

आई तिकडून म्हणाली, "ओरडताय कशाला?"

हे पुलावरच्या सगळ्यांनी ऐकलं, नशिबाने मराठी फक्त आम्हालाच येत होतं.

बाहेर आल्यावर भाचीने विचारलं, काय आवडलं सगळ्यात? मी काहीतरी साम्राज्यं येतात जातात छाप बोलायला तोंड उघडलं होतं. पण आईला एवढंच जाणून घ्यायचं होतं की एवढ्या काचा वरपर्यंत पुसतं कोण, आणि कशाने. तोवर गाइडबाई पुढच्या ग्रुपला घेऊन आत गेल्या होत्या.