सतरा नंबरचा अर्ज आणि ब्राझील

शाळा मध्येच सुटलेल्या माणसाला दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसता येते आणि त्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो आणि शुल्क एवढी जुळवाजुळव झाली की अर्ज भरला जातो आणि एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. कठीण काळ सुरू होतो तो त्यानंतर, कारण परीक्षेपर्यंतचे सगळे महिने विद्यार्थ्याच्या एकट्याच्या ताब्यात दिलेले असतात.

शाळेत जाणाऱ्या मुलाला अभ्यासाची इच्छा असलीच पाहिजे असे नसते. घंटा होते, सर वर्गात येतात, फळ्यावर तारीख पडते, शेजारच्याची वही आपल्यापेक्षा दोन पाने पुढे गेलेली दिसते आणि इच्छेचा प्रश्न न उद्भवताच धडा पुढे सरकतो. बाहेरून बसणाऱ्याला मात्र ती घंटाही स्वतःच वाजवायची असते, तीही दिवसभराचे काम आटोपल्यावर.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी यंदा अशाच बसणार आहेत. त्यांची शाळा नववीत सुटली आणि आता त्यांची मुलगी नववीत आहे. बीजगणिताचे पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून उघडले तेव्हा दोन चलांतील रेषीय समीकरणांनी त्यांना दारातच अडवले. मग त्यांनी सरळ चौथे प्रकरण काढले. ते आहे अर्थनियोजन, आणि त्यात जीएसटी आहे. अस्तराच्या कापडाचे बिल रोजच हाताखालून जात असल्यामुळे ५ टक्क्यांतले अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. पहिले उदाहरण त्यांनी खडूने, कापायच्या कापडाच्या कडेवरच सोडवले. पुस्तक पहिल्या प्रकरणापासूनच वाचले पाहिजे, हा शाळेचा नियम शाळेबाहेर पाळण्याचे काही कारण नाही, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

दुसरा आधार त्यांना प्रश्नपत्रिकेनेच दिला. बीजगणिताची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. त्यातला पहिला प्रश्न ८ गुणांचा, तोही एकेका गुणाच्या तुकड्यांचा. शिवाय पुढे ज्या कृती पूर्ण करायच्या असतात, त्यांत उत्तराचा सांगाडा छापलेलाच असतो आणि आपण फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. अशा कृतींचे ७ गुण धरले तर १५ गुण जवळपास हाताशी येतात. ‘गणित सुटेल का’ या धास्तीपेक्षा ‘आज चार चौकटी भरू’ हा बेत मशीनवरून उठलेल्या माणसाला झेपतो. जिद्दीवरची भाषणे मोबाइलवर फुकट मिळतात. वहिनींनी ती काही दिवस ऐकली आणि ऐकण्यातच अभ्यासाची वेळ निघून जाते म्हणून बंद केली.

भूगोलाची मात्र त्यांना गोडी लागली. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची शेजारी-शेजारी ठेवून तुलना करतो, त्यामुळे ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांना हल्ली ॲमेझॉनचे खोरे आणि ब्राझीलची कॉफी ऐकून घ्यावी लागते. माप देता देता एकीने विचारले, “तिकडे पाऊस कधी पडतो हो?” त्यावर वहिनींनी हातातली टेप बाजूला ठेवून नकाशा उघडला. समोरच्याला सांगायचे आहे म्हटल्यावर त्या आदल्या रात्री वाचूनच बसतात, हे त्यांच्याही लक्षात आलेले नसावे.

उत्तरे तपासण्याचे काम मुलीकडे आहे. ती आईला अर्धा गुणही सोडत नाही, वहीत लाल पेनाने ‘पायऱ्या लिही’ असा शेरा मारते, आणि वहिनी तो शेरा गिऱ्हाइकांना दाखवतात. वर्तुळाची प्रमेये मात्र दोघींनी संगनमताने दिवाळीनंतरवर ढकलली आहेत.