मोरोविंडची चौथी फेरी: सेडा नीनपासून अनवाणी

पहिली रात्र

मोरोविंड या २००२ च्या कॉम्प्युटर गेमच्या चौथ्या फेरीला, म्हणजे तो पहिल्यापासून चौथ्यांदा खेळायला, काल रात्री सुरुवात केली. पात्र आर्गोनियन, म्हणजे सरड्यासारख्या माणसांच्या जातीची बाई, नाव काशी. मुख्य स्किल भाला, अल्केमी (औषधं बनवणं) आणि विनाचिलखत. जन्मरास ‘स्टीड’, म्हणजे वेग पहिल्याच दिवशी २५ नं जास्त. वेग मुद्दाम घेतला, कारण या फेरीत सगळीकडं पायी जायचं ठरवलंय. सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे प्रवासी नेणारा तो अवाढव्य किडा, बंद, मेजेस गिल्डमधून, म्हणजे जादूगारांच्या संघातून, क्षणात दुसऱ्या गावी पोचणं बंद, नेटवरचे नकाशे बंद. गेममधली डायरी, लोक तोंडानं सांगतील तो रस्ता आणि माझी दोनशे पानी वही, एवढ्यावर चालवायचं.

आर्गोनियन का, तर या गेममध्ये आर्गोनियन आणि मांजरासारखे खाजीत यांना बूट घालताच येत नाहीत. पायांची ठेवणच वेगळी. मागच्या तीन फेऱ्यांत मी याला तोटा समजून या दोन्ही जाती टाळल्या होत्या. पण आम्ही औशाचे. आमच्याकडून कोजागिरीला माणसं अनवाणी तुळजापूरला चालत जातात, मीही दोनदा गेलोय. डांबर संपून मुरूम लागला की डोळ्याआधी तळपायाला कळतं. त्या चालण्याची आठवण मनात होती, म्हणून काशी अनवाणी.

चालवतोय ओपनएमडब्ल्यूवर. २००२ च्या मूळ इंजिनाच्या जागी चाहत्यांनी नव्यानं लिहिलेलं हे खुलं, फुकट इंजिन आहे. मूळ गेमच्या फाइली मात्र आपल्या विकतच्या लागतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मूळ इंजिन तासा-दोन तासांनी बंद पडायचं. काल सलग तीन तास माळवदावर बसून खेळलो, एकदाही अडकलं नाही.

सुरुवात तीच. कैद्यांचं जहाज, सेडा नीनचा दलदलीतला धक्का, नाव-जात-रास लिहून घेणारा सरकारी कारकून. कचेरीतून बाहेर पडताना अंगणातल्या पिंपात एक अंगठी सापडते. ती बाहेर भेटणाऱ्या फारगॉथ नावाच्या बुटक्या बॉस्मरची, म्हणजे रानातल्या एल्फ जातीच्या माणसाची. दिली तर तो खूश होतो आणि दुकानदार अरिलही आपल्याकडं बऱ्या नजरेनं बघायला लागतो. पुढं अरिलच्याच दुकानाच्या माडीवर ह्रिस्कार नावाचा शिपाई सांगतो, फारगॉथ पैसे कुठं लपवतो ते शोधून दे. त्यासाठी रात्री दीपगृहावर चढून वाट बघत उभं राहायचं. कुठलाही बाण दिसत नाही, कुठंही गोल चमकत नाही. अंधारात एक माणूस मशालीच्या उजेडात इकडं-तिकडं बघत निघतो, चिखलाच्या डबक्यात उतरतो, एका कुजक्या खोडापाशी वाकतो. ते खोड मला पाठ आहे. तरी काल दीपगृहावर उभा राहिलो, तो डबक्याकडं वळला आणि मी पुढं सरकून बसलो.

दुसरी आणि तिसरी रात्र

नव्यानं येणाऱ्यांसाठी आधी कामाचं. मोरोविंडमध्ये शस्त्र डोळ्यांसमोर लागलं तरी आतमध्ये फासा पडतो, आणि तो चुकला तर वार हवेत जातो. इथं वैतागून कितीतरी जण पहिल्या तासात गेम सोडतात. उपाय साधा आहे. शस्त्राचं स्किल मुख्य स्किलांत घ्या, म्हणजे ते निदान ३० पासून सुरू होतं. आणि हिरवी पट्टी, म्हणजे दम, भरलेला असतानाच लढा. पळत जाऊन लगेच मारामारी केली की दम संपलेला असतो, वार चुकतात, मंत्र फसतात, दुकानदारसुद्धा नीट भाव देत नाही. लढाईआधी चार पावलं चाला, थांबा, मग भाला उचला.

दुसरं वजनाचं. ताकदीच्या पाचपट वजन उचलता येतं. काशीची ताकद ४०, म्हणजे २०० पर्यंत. लातूरच्या आडतीत दिवसभर पोती मोजणाऱ्या माणसाला हा हिशोब डोक्यातच असतो. लोखंडी चिलखतं गोळा करू नका. वजनाला हलकं आणि भावाला जड तेवढंच उचला. अल्केमीचा माल, मंत्रांच्या गुंडाळ्या, रत्नं.

सेडा नीनमधून बाहेर पडल्यावर पुलापलीकडं अ‍ॅडामासार्टस नावाची गुहा आहे. चोरटा माल आणि माणसं लपवायची जागा. आत खाजीत आणि आर्गोनियन गुलाम कोंडलेले. पहिल्या फेरीत मी तिथून माल उचलला होता आणि किल्ली सापडेपर्यंत थांबलोही नव्हतो. या वेळी काशी त्यांच्याच जातीची. गेम जिथं घडतो त्या व्हर्डनफेल बेटावर अशा बाईला वाटेत कुणी सरळ बोलत नाही, हे या फेरीत पहिल्यांदा जाणवलं. चोरट्याच्या अंगावरची किल्ली काढली, एकेकाची बेडी उघडली. बक्षीस म्हणून काहीच मिळालं नाही. तिसऱ्या रात्रीचा सगळा वेळ त्यातच गेला आणि तो मला कमी वाटला नाही.

पेलाजिआडच्या रस्त्यावर आकाशातून पडणारा जादूगार टार्हिएलही भेटला. आधी किंकाळी, मग धप्प. त्याच्याकडच्या तीन गुंडाळ्या उडी मारायचं स्किल सात सेकंदांसाठी १००० नं वाढवतात. जोर ओसरतो तेव्हा माणूस अजून हवेतच असतो, आणि टार्हिएल मेला तो त्यामुळंच. पायी जायचा नियम आहे म्हणून गुंडाळ्या पिशवीतच ठेवल्यात.

मधेच थोडं जुनं

मोरोविंड ज्यातला आहे त्या एल्डर स्क्रोल्स मालिकेकडं आपण परत परत का येतो, हे या आठवड्यात डोक्यात घोळतंय. एरिना १९९४ चा, डॅगरफॉल १९९६ चा. डॅगरफॉलचं जग अवाढव्य, पण ते बरंचसं यंत्रानं पाडलेलं. २००९ पासून तो फुकट मिळतो, एकदा तरी आत जाऊन या. मोरोविंडचं जग त्याच्या तुलनेत लहानसं, पण दगड न् दगड हातानं मांडलेलं. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्रावर खूण आली, कुठं जायचं ते सतत दिसायला लागलं. २०११ च्या ११ नोव्हेंबरला स्कायरिम आला, आणि २०१६ ला आणि २०२१ ला त्याच्या नव्या आवृत्त्या. सहाव्या भागाची घोषणा २०१८ ची. ती वाट बघणं आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

स्कायरिमबद्दल माझी आठवण २०१६ च्या उन्हाळ्याची आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. तेव्हा मी लातूरला खोली करून राहत होतो. टँकर कधी येईल सांगता यायचं नाही, घागरी रांगेत ठेवून माणसं रात्रभर जागी असायची. दोन रांगांच्या मधल्या वेळात मी स्कायरिम लावायचो आणि रिव्हरवूडला जायचो. गावाच्या कडेनं व्हाइट नदी वाहते, लाकूड कापायची गिरणी तिच्या काठावर. क्वेस्ट घेत नव्हतो, ड्रॅगन मारत नव्हतो. गिरणीच्या फळ्यांवर काशीसारखंच एक पात्र उभं करायचं, हेडफोन लावायचा आणि पाणी ऐकायचं. तीस-चाळीस तास तरी असे गेले असतील. लेव्हल सातच्या पुढं मी तो उन्हाळाभर सरकलो नाही. आजही स्कायरिम सुरू केला की सुरुवातीच्या हेल्गेन गावातून सुटल्याबरोबर आधी त्या फळ्यांवर जातो.

मोरोविंडची धून स्कायरिमच्या मुख्य गाण्याच्या आत दडलेली आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. समूहाच्या आवाजाखाली तोच जुना चढ ऐकू येतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी जागचा उठून उभा राहिलो होतो.

स्कायरिममध्ये खुणा बंद करून खेळायचा प्रयत्नही मी केलाय. जमत नाही. तिथली माणसं रस्ता सांगतच नाहीत; खूण दिसणारच आहे असं धरून ती बोलतात. मोरोविंडमध्ये खूण नव्हतीच, त्यामुळं प्रत्येक माणसाला रस्ता सांगावा लागला. तोही आपल्याकडं सांगतात तसा. पुलापर्यंत जा, किल्ला डाव्या हाताला सोड, मोठा दगड दिसला की वर चढ. कधीकधी सांगणारा चुकतोसुद्धा. फेरी दुसरी असो की चौथी, तो रस्ता पुन्हा पायाखाली घालावा लागतो. मला या गेमकडं परत खेचणारी गोष्ट हीच आहे.

पाचवी रात्र

बालमोराला पोचलो. लेव्हल ३, भाला ४१. मुख्य कथेची कामं देणाऱ्या केयस कोसाडेसला भेटलो, त्यानं हॅसफॅट अँटाबोलिसकडं पाठवलं. हॅसफॅटला आर्कनथँड नावाच्या, ड्वेमर या नाहीशा झालेल्या जातीच्या अवशेषांतून एक कोड्याची डबी हवीय. आपल्यातल्या जुन्या लोकांना ही डबी चांगली आठवत असेल. पहिल्या फेरीत मी ती चार तास शोधली होती, खालच्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, आणि ती होती फळीवर, साध्या भांड्यासारखी ठेवलेली.

त्या रात्री पुतण्या माळवदावर झोपायला आला. नववीत आहे. मोबाइलवर लढाईचे गेम खेळतो, हात माझ्यापेक्षा चपळ. थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, “काका, हे तर तुम्हाला समदं पाठ हाय. मग परत कामून खेळूलालाव?”

मी त्याला उत्तर दिलं नाही, लॅपटॉप आणि वही दिली. हॅसफॅटनं सांगितलेला रस्ता त्यानं स्वतः वाचून वहीत उतरवला: बालमोराच्या दक्षिणेला बाहेर, ओडाई नदीचा पूल, मूनमॉथ किल्ला, मग फोयाडावरचा ड्वेमरांचा जुना पूल. पूल ओलांडला की पलीकडं दार, दाराजवळच्या पाइपवरची कळ फिरवायची.

फोयाडा म्हणजे लाल डोंगरातून एकेकाळी लाव्हा वाहत आला, त्याची कोरडी खोल नळी. दोन्ही बाजूंना काळेभोर कडे, मधे राख. पुतण्यानं त्यात पाय ठेवला आणि म्हणाला, हे तर आपल्या खदानीसारखं आहे. खरंच आहे. आमचे बालाघाटाचे माळ हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचे थर. औशाच्या किल्ल्याचे चिरे त्याच काळ्या दगडाचे. मी इतकी वर्षं हा गेम खेळतोय आणि ते मला कधी सुचलं नव्हतं.

मग वीज गेली. बॅटरी जुनी, वीस मिनिटं पुरते. सेव्ह करून बंद केलं.

सहावी रात्र

खेळणं पुतण्याकडंच दिलं. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसलो. बोलायचं नाही, असं स्वतःशी ठरवून.

तो फोयाडातच होता. तळातून ईशान्येकडं चालत निघाला. थोड्या वेळानं ड्वेमरांचा पूल आला. डोक्यावर, बराच उंच, एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत. त्यानं वर बघितलंच नाही. दोन्ही बाजूंचे कडे निरखत, राखेतल्या झुडपांतून अल्केमीचा माल तोडत, तो पुलाखालून सरळ निघून गेला. मी तांब्या खाली ठेवला आणि गप्प बसलो.

पुढं क्लिफ रेसर, म्हणजे अंगावर झेपावणारे उडते प्राणी, आले. दोन भाल्यानं पडले, तिसऱ्यानं काशीला पाव जिवावर आणलं. तो थांबला, दम भरू दिला, औषध प्यायला, मग उठला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. हिरवी पट्टी बघून त्याचं त्यानंच ताडलं. राखेचं वादळ सुटलं. पडदा लालसर झाला, काशी एक हात तोंडासमोर धरून चालायला लागली. वैशाखात आमच्याकडं धूळ उठते तेव्हा माणसं तोंडावर उपरणं धरून चालतात, अगदी तसंच. त्यानं वहीत लिहिलं: पूल अजून नाही.

साडेअकराच्या सुमाराला वादळ विरलं आणि समोर घोस्टफेन्स उभं राहिलं. लाल डोंगराभोवती मृत पूर्वजांच्या बळावर उभं केलेलं ते कुंपण, खांबाखांबांमधून थरथरणारा निळसर उजेड, मधे घोस्टगेटचे दोन मनोरे. मुख्य कथेत माणूस इथं येतो तो शेवटाकडं, तयारीचा होऊन, सगळं माहीत करून घेऊन. माझ्या तिन्ही फेऱ्यांत मी तसाच आलो होतो. हा पोरगा लेव्हल तीनचं पात्र घेऊन, अनवाणी, रस्ता चुकून आला.

कितीतरी वेळ त्यानं काशीला हलवलं नाही. हेडफोनची एक बाजू काढून माझ्या कानाला लावली. कुंपणाचा तो घुमणारा आवाज.

“काका, ही जागा कसली?”

आत एक देवस्थान आहे, लोक यात्रेला येतात, एवढंच मी सांगितलं. ते खरंच आहे. गेममधल्या ‘टेंपल’ या धर्मपंथाच्या सात तीर्थांपैकी एक घोस्टगेटला आहे. बाकी काही सांगितलं नाही.

त्यानं वही ओढली आणि आदल्या ओळीखाली लिहिलं: पूल चुकला. निळं कुंपण सापडलं. उद्या आत.

पुढच्या नोंदीत आर्कनथँड येणार होतं, ते आता लांबलं. सध्याची स्थिती: लेव्हल ३, भाला ४४, अल्केमी ३८, औषधाच्या बाटल्या २, सोनं १९०. डबी अजून फळीवरच आहे. लॅपटॉप पुतण्याकडं.