नेग्रोनीत स्ट्रॉबेरी घालायची तर कुठे?

पहिल्यांदा नेग्रोनी प्यायले तेव्हा माझं तोंड इतकं वाकडं झालं की दादाला हसू आवरेना. तिसऱ्या घोटापर्यंत मात्र तो कडवटपणा ओळखीचा वाटायला लागला, आणि आता दुसरं कुठलं कॉकटेल मागवावंसंच वाटत नाही. तरी एक इच्छा बरेच दिवस मनात होती: यात फळ आणायचं, पण कडूपणा जाऊ द्यायचा नाही. कडू गेलं तर ती नेग्रोनी कसली, मग सरबतच प्यावं.

मूळ कृती इतकी सरळ आहे की चुकायला जागाच नाही असं वाटतं. जिन, कंपारी (लालभडक, कडू इटालियन मद्य) आणि गोड वर्मूथ (सुगंधी वाइन), तिन्ही 30-30 मिली, बर्फ आणि संत्र्याची साल. गोष्ट अशी सांगतात की 1919 च्या सुमारास फ्लॉरेन्समधल्या कॅफे कासोनीत काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी बारटेंडर फॉस्को स्कार्सेलीला सांगितलं, माझी अमेरिकानो (कॉफी नव्हे, कंपारी, गोड वर्मूथ आणि सोड्याचं ड्रिंक) जरा कडक कर. त्याने सोड्याच्या जागी जिन ओतली आणि लिंबाऐवजी संत्रं लावलं. म्हणजे नेग्रोनी मुळात एका दुसऱ्या ड्रिंकमध्ये केलेली ढवळाढवळच आहे. त्यामुळे मी स्ट्रॉबेरी घातली तर फार मोठं पाप नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिला प्रयत्न आळशी होता. चार स्ट्रॉबेरी ग्लासातच कुस्करल्या, वर तिन्ही बाटल्यांमधलं माप ओतलं आणि उत्साहाच्या भरात सगळं शेकरमध्ये घालून हलवलं. गढूळ गुलाबी पाणी तयार झालं, वर फेस, दातांत बिया. वास स्ट्रॉबेरीचा आणि चव नुसती कंपारीची. नेग्रोनी हलवायची नसते, ढवळायची असते, हे मला माहीत होतं. तरी हलवली.

दुसऱ्यांदा स्ट्रॉबेरी साखरेत शिजवून सिरप केलं आणि 15 मिली घातलं. दादाने एक घोट घेतला आणि विचारलं, "अगं, खोकला झालाय का कुणाला?" त्याचं बरोबर होतं. वर्मूथ गोड, कंपारीतही भरपूर साखर, त्यात माझं सिरप. कडू आणि गोड एकमेकांत मिसळलेच नव्हते. आधी गोड लागायचं, मग कडू, आणि फळाचा पत्ता नाही.

मग वाटलं, जिनमध्ये फळ मुरवावं. ती जिन नुसती प्यायला फार छान झाली. नेग्रोनीत घातल्यावर मात्र कंपारीने तिला गिळून टाकलं. त्या रात्री ग्लास हातात घेऊन बसले होते तेव्हा डोक्यात आलं की जो या ड्रिंकमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलतो, त्याच्याच तोंडात फळ घालायला हवं. म्हणजे स्ट्रॉबेरी थेट कंपारीत मुरवायची.

200 ग्रॅम स्ट्रॉबेरी धुऊन अगदी कोरड्या पुसल्या, देठं काढली, पातळ चकत्या केल्या, काचेच्या बरणीत 250 मिली कंपारीत बुडवल्या आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडली तर मजा बघा: चकत्यांच्या कडा पांढुरक्या, जणू त्यांचा रंग कुणी चोखून घेतलाय, आणि कंपारीचा भडक लाल थोडा गडद झालेला. (हा लाल पूर्वी कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढत. हे दादाला त्याने घोट घेतल्यावर सांगावं असं ठरवलं.) 24 तास पुरतात. एकदा विसरून चार दिवस बरणी तशीच राहिली, तेव्हा फळाचा लगदा झाला आणि ताज्या वासाऐवजी जॅमची चव उतरली.

गाळताना फळ दाबायचा मोह होतो. दाबू नका, सगळं गढूळ होतं. मी आधी गाळणीतून आणि मग कॉफीच्या फिल्टरमधून थेंबथेंब गाळलं. तास गेला, पण खाली जे जमलं ते काचेसारखं स्वच्छ होतं.

आता जमणार म्हणून मोठ्या आशेने 30-30-30 केलं आणि तरी चव मेलेली! काहीतरी शिळं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. सगळा दोष स्ट्रॉबेरीवर टाकून मी बरणी ओतून द्यायला निघाले होते. थांबून प्रत्येक बाटलीतला चमचाभर वेगळा चाखला, तेव्हा चोर सापडला: वर्मूथ. ती शेवटी वाइनच, मद्यार्काची जोड देऊन वनस्पतींनी सुगंधी केलेली. उघडल्यावर हवेने उतरत जाते. माझी बाटली कित्येक महिने कपाटात उघडी पडून होती. उघडलेली वर्मूथ फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची, एवढं साधं होतं.

नवी बाटली आणली तरी समान माप बसेना. फळातलं पाणी आणि साखर कंपारीत उतरलेली असते, त्यामुळे ड्रिंक सैल आणि गुळचट लागतं. शेवटी जिन 40, स्ट्रॉबेरीची कंपारी 30 आणि वर्मूथ 20 मिली यावर गाडी थांबली. शिवाय चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ. मिठाने कडूपणाची धार जरा बोथट होते आणि मागचं फळ पुढे येतं. जास्त पडलं तर सगळा ग्लास गेला, तेव्हा हात आखडता ठेवा.

बर्फाचे मोठे खडे घ्यायचे, चुरा नको. ग्लासाच्या कडेने चमचा फिरवत साधारण 30 सेकंद ढवळायचं. त्यात वितळणारं पाणीही कृतीचाच भाग आहे, त्याशिवाय घशाला नुसता चटका बसतो. मग संत्र्याची साल ग्लासावर धरून पिळायची. उजेडात बघितलं तर पृष्ठभागावर तेलाचे बारीक ठिपके पसरताना दिसतात. ग्लास ओठांशी नेताना आधी संत्रं येतं, मग स्ट्रॉबेरी, आणि गिळल्यावर कडू. मला हवा होता तो क्रम अगदी हाच.

नंतर रास्पबेरीही करून पाहिली. ती 12 तासांतच पुरेशी उतरते, पण स्ट्रॉबेरीचा गोल गोडवा तिच्यात नाही.

दादाने पूर्ण ग्लास न बोलता संपवला आणि कोचिनियलची गोष्टही शांतपणे ऐकून घेतली. मग त्याची नजर उरलेल्या फिक्या चकत्यांवर गेली. त्या मी व्हॅनिला आइस्क्रीमवर घालायला ठेवल्या होत्या. त्याने तीन एकदम तोंडात टाकल्या आणि त्याचं तोंड जे वाकडं झालं! हसायची पाळी आता माझी होती. पाणी पिऊन झाल्यावर त्याने वाटी पुन्हा पुढे ओढली आणि म्हणाला, "आइस्क्रीम कुठेय?"