हिरवं भिंग

पितृपक्षात आमच्याकडे शुकशुकाट असतो. लिलावाचा धंदा म्हणजे शेवटी लोकांच्या घरातला ऐवज बाहेर काढणं, आणि ते काम पितृपक्षात कोण करणार, त्यामुळे आम्ही जुने कॅटलॉग लावत आणि चहा पीत बसतो. मी मुंबईतल्या एका लिलाव कंपनीत दागिने आणि जुन्या शोभेच्या वस्तू तपासते, कॅटलॉगच्या नोंदी लिहिते. तर २०२५ च्या सप्टेंबरात, गणपती होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, सकाळी साडेदहाला दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जुन्या संस्थानिक घरातली मंडळी आली. ऐंशीच्या पुढच्या आईसाहेब, त्यांचा पुतण्या आणि सोबत कारभारी. कारभाऱ्यांचा चेहरा पडलेलाच होता, ते म्हणाले पण, की सरकार, हा पंधरवडा टाळला असता तर बरं झालं असतं. आईसाहेब म्हणाल्या, "ऐवज पितरांचाच आहे, त्यांनाही कळू दे कुठं चाललाय ते."

मला तिथंच त्या आवडल्या. आणि सगळ्यांना अहोजाहो, चहा आणणाऱ्या पोरालासुद्धा "तुम्ही आधी बसा" म्हणाल्या.

सामान दोन पेट्यांत होतं. चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि पानदान असा सेट, चार पदरी मोत्यांचा कंठा, एक चवरी, आणि मुख्य म्हणजे जडावाचा शिरपेच, ज्याच्यासाठी हे सगळे आले होते. चवरी तर मी हातातच घेतली नाही, मूठ हस्तिदंती होती, आणि हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे पूर्ण बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. पुतणे जरा नाराज झाले, म्हणाले ही तर पणजोबांच्या वेळची. म्हटलं साहेब, हत्तीही तेव्हाचाच असेल पण कायदा आजचा आहे.

पुतण्यांची तयारी जोरात होती. मोबाइलमध्ये बातम्या सेव्ह करून आणलेल्या. न्यूयॉर्कला क्रिस्टीजनं जून २०१९ मध्ये कतारच्या अल थानी घराण्याच्या संग्रहातल्या भारतीय दागिन्यांचा आणि वस्तूंचा लिलाव केला, तो जवळजवळ १० कोटी ९० लाख डॉलरला गेला, ती बातमी पहिली. हैदराबादच्या निजामाचे १७३ नग सरकारनं १९९५ साली सुमारे २१८ कोटींना घेतले ती दुसरी. आणि नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार, जी महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून ४७ लाखांच्या आसपास पैसे मोजून सोडवली आणि जी ऑगस्टमध्येच मुंबईत आली होती, ती तर काय सगळ्यांच्याच डोक्यात ताजी. मग हिशेब असा की तलवारीला एवढे, तर पाचूच्या शिरपेचाला किती!

हा हिशेब मला महिन्यातून दोनदा तरी समजावून सांगावा लागतो. जे न्यूयॉर्कला विकलं गेलं ते आधीच देशाबाहेर होतं. इथली १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बाहेर नेता येत नाही, म्हणजे आमच्याकडे हात वर करणारा माणूस जगातला कोणीही असून चालत नाही, वस्तू इथंच राहणार हे धरूनच तो बोली लावतो. गिऱ्हाईक कमी म्हणजे भाव कमी, दगड तोच असला तरी. हे ऐकून लोक माझ्याकडे असं बघतात की जणू कायदा मीच केलाय.

असो. पावती करायची म्हणून प्रत्येक नग त्यांच्या देखत, कॅमेऱ्याखाली, पुढून-मागून फोटो काढून, वजन करून नोंदवला. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी भीती चोरीची नसते. "तुम्ही दगड बदललात" हे वाक्य ऐकायची असते. एकदा ते कोणी म्हटलं की तुम्ही कितीही खरे असा, नाव गेलं.

शिरपेच देखणा होता. मागच्या बाजूला मीनाकाम, लाल फुलं पांढऱ्यावर, पुढं कुंदनात बसवलेले पोलकी म्हणजे पैलू न पाडलेले हिरे आणि माणकं आणि मधोमध बोराएवढा षटकोनी हिरवा दगड. कुंदन म्हणजे शुद्ध सोन्याची पट्टी दगडाच्या कडेनं थंडच दाबून दाबून बसवतात, खाली लाख भरलेली असते, दगडाखाली डांक म्हणजे चकचकीत पत्रा असतो, आणि मागून सगळं बंद. म्हणजे दगड खालून बघायची सोयच नाही. रंग दगडाचा किती आणि डांकेचा किती हे वरून बघूनच ठरवायचं.

मी लूप लावला, दगड मोठा करून दाखवणारं आमचं छोटं उपकरण. आणि पोटात गोळा आला.

आत बुडबुडे. दोन-तीन, गोल, स्वच्छ. पाचूत आत रेषा असतात, जाळं असतं, ढगासारखं काहीतरी असतं, इतकं की एकदम निर्मळ पाचू दिसला तरी आम्ही आधी संशयच घेतो, पण गोल बुडबुडा म्हणजे काच. कडाही बोथट झालेल्या, काच पाचूपेक्षा बरीच मऊ असते ना, ती झिजते. शेजारची माणकं तेवढीच जुनी आणि कडा धारदार. रंगीत फिल्टरमधून बघितलं, त्यातून पाचू बहुधा लालसर दिसतो, इथं काहीच हललं नाही, हिरवं ते हिरवंच. मग नीट बघितल्यावर दिसलं की या एकाच दगडाभोवतीचं कुंदन बाकीच्यांपेक्षा केसभर रुंद आहे.

समोर आईसाहेब पानदानाच्या झाकणावरून बोट फिरवत बसलेल्या आणि पुतणे मला विचारतायत, कोलंबियन आहे ना? आमच्याकडे पूर्वीपासून म्हणतात की गोव्याच्या पोर्तुगीजांकडून आलेला. तसं असूही शकतं, मोठे पाचू दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत गोव्यात यायचेच. मी म्हटलं बघते, अजून थोडं बघते. लूप खाली ठेवला, परत उचलला. खरं सांगायचं तर मी वेळ काढत होते. कारण डोक्यात एकच, पावतीवर मी अर्ध्या तासापूर्वी सवयीनं "पाचू १" लिहून बसले होते. तपासायच्या आधी. नवशिक्यासारखी चूक! तिथं "हिरवा दगड १" लिहायचं असतं, हे मीच नवीन पोरांना शिकवते.

वाचवलं मोडीवाल्या काकांनी. झालं असं की पुतण्यांनी पुरावा म्हणून जामदारखान्याची म्हणजे खजिन्याची एक जुनी यादी आणली होती, मोडीतली, लॅमिनेट करून (लॅमिनेट! जुन्या कागदाला असं करणाऱ्याला मी शिक्षा ठेवली असती). घरात तीन पिढ्यांत कोणाला मोडी येत नव्हती, पण यादीत शिरपेच आहे एवढं माहीत होतं, कारण वर कोणीतरी पेन्सिलीनं देवनागरीत "शिरपेच" लिहून ठेवलेलं. आमच्याकडे अशा कागदांसाठी एक निवृत्त काका येतात, पुराभिलेखात आयुष्य गेलं त्यांचं. ते बाराला आले, चष्मा बदलला आणि मोठ्यानं वाचायला लागले, त्यांना मनात वाचताच येत नाही.

शके १७९८, धातानाम संवत्सरे, आश्विन शुद्ध अमुक. कलमं सुरू झाली. मोत्यांचा कंठा, पदर चार. ठीक. अत्तरदाणी रुप्याची. ठीक. सिरपेच जडावाचा १, हिरे २६, माणके १२, पाचू १ वजन ८ मासे ४ गुंजा. मी मोजले, हिरे २६, माणकं १२. पुतण्यांनी माझ्याकडे विजयी बघितलं. मी पेन चावत होते.

मग काका थांबले, कागद उजेडाकडे धरला. म्हणाले बाजूला दुसऱ्या शाईत काहीतरी आहे, हात वेगळा आहे. आणि वाचलं. कार्तिक वद्य २ रोजी मधील पाचू काढून सावकाराकडे गाहाण ठेविला, त्याचे जागी हिरवे भिंग बसविले. सोडवून आणिल्यावर पुन्हा बसवावा.

एसीचा आवाज तेवढा येत होता.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. पुतणे म्हणाले भिंग म्हणजे? काका सरळ माणूस, म्हणाले काच. आईसाहेबांनी हात पुढे केला, शिरपेच घेतला, खिडकीशी नेऊन वर-खाली बघितला आणि म्हणाल्या, "पुन्हा वाचा." काकांनी पुन्हा वाचलं. मग मी सांगितलं, की मलाही लूपमध्ये तेच दिसलं होतं पण बोलायचं धाडस झालं नाही. आईसाहेब म्हणाल्या, "तासभर?" मी मान खाली घातली.

पुढची पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. पुतण्यांनी फोनवर शके १७९८ म्हणजे कोणतं साल ते काढलं, १८७६-७७. त्यांचा चेहरा एकदम उजळला, म्हणाले मोठा दुष्काळ, १८७६ ते ७८, आपल्या पूर्वजांनी प्रजेसाठी पाचू गहाण ठेवला! कारभाऱ्यांनी तर हात जोडले. आईसाहेब खिडकीतून वळल्याच नाहीत. म्हणाल्या, "प्रजेसाठी कसलं. दिल्लीला जायला पैसे नव्हते."

आणि हे जुळत होतं हो. १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद म्हणून जाहीर केलं, संस्थानिकांना बोलावणी गेली, हत्ती, घोडे, तंबू, पोशाख, सगळं ज्याचं त्यानं न्यायचं. इकडे दख्खनमध्ये माणसं उपाशी मरतायत आणि तिकडे दरबार, एकाच हंगामात. कार्तिक वद्य म्हणजे नोव्हेंबर १८७६, दोन्ही बाजूंना बसतं. कागद काहीच सांगत नाही कशासाठी ते. पुतणे म्हणाले दुष्काळच, आईसाहेब म्हणाल्या दरबारच, आणि दोघं आमच्या केबिनमध्ये दीडशे वर्षांपूर्वीच्या खर्चावरून भांडले. म्हणजे पुतणे भांडले. आईसाहेबांचं एकच, आपल्या घरातल्या पुरुषांना मी ओळखते.

मग त्यांनी मला विचारलं, ८ मासे ४ गुंजा म्हणजे आजचे किती. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, तोळा ११.६६ ग्रॅम धरला तर सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४१ कॅरटच्या थोडं वर. भाव त्यांनी विचारला नाही. विचारलं, "मग आता तो कुठं असेल?"

हे मला रोजच्या कामात कोणी विचारत नाही. मी त्यांना नाशिकच्या हिऱ्याचं सांगितलं. त्र्यंबकेश्वरचा, मग पेशव्यांकडचा, १८१८ ला इंग्रजांनी नेला, १८३७ ला लंडनमध्ये लिलावात गेला, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला हॅरी विन्स्टननं तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटचा केला, आधी ८० च्या वर होता. त्या हिऱ्याला नाव होतं म्हणून त्याचा माग तरी राहिला. तुमचा पाचू बिननावाचा, सावकारानं विकला असेल, कोणीतरी कापला असेल, दोन अंगठ्या आणि एक ब्रोच झाला असेल. आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे आहे." मी म्हटलं हो, आहे, दगड कुठं जातोय.

आमच्या साहेबांना खरं तर शिरपेच हवाच होता. त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नाही, की कागदासकट काच ही कागदाविना पाचूपेक्षा बरी, अशा नोंदी कितीजणांकडे असतात, म्युझियमवाले किंवा जाणकार संग्राहक यासाठीच येतील. एस्टिमेट मात्र पुतण्यांनी मनात धरलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं. आईसाहेबांनी ऐकून घेतलं. गुलाबदाणीचा सेट आणि कंठा ठेवा म्हणाल्या, शिरपेच परत. मोत्यांचे एक्स-रे काढायला पाठवले, ते नैसर्गिक निघाले, नंतर चांगले गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

परत करायची पावती मी स्वतः हातानं लिहिली. "हिरवी काच १, डांकेवर" असं लिहिलं तर आईसाहेबांनी चष्मा काढून बघितलं आणि म्हणाल्या, यादीत आहे तसं लिहा. मी खोडून "हिरवे भिंग १" लिहिलं. पेन ठेवणार तेवढ्यात म्हणाल्या, "पुढचंही." मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सोडवून आणिल्यावर पुन्हा बसवावा. साहेबांनी सही करताना माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

दसऱ्याला पुतण्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सोन्याला म्हणजे शमीपूजनाला निघालेली पालखी, त्यांच्या डोक्याला केशरी फेटा आणि फेट्यावर तो शिरपेच. मी झूम करून बघितला. उन्हात ते भिंग असलं पेटलं होतं, की लूप लावलेला नसता तर मीही फसले असते. डांक भारी लावली होती त्या माणसानं.